दृष्टीची राखण : प्रसारमाध्यमे आणि आपली मुले

पवित्र कुरआनातील सूरह अन्-नूर ही कुटुंबाच्या आणि समाजाच्या पावित्र्याची सूरह आहे. तिच्या प्रारंभी व्यभिचार आणि खोटा आळ या अपराधांच्या शिक्षा सांगितल्या असल्यामुळे पुष्कळ लोक तिला शिक्षांची सूरह समजतात. परंतु संपूर्ण सूरह लक्षपूर्वक वाचली असता असे आढळते की शिक्षेच्या आयती मोजक्याच आहेत. माणूस अपराधापर्यंत पोहोचूच नये, यासाठी घालून दिलेले नियम मात्र पुष्कळ आहेत. ऐकीव गोष्ट तोंडोतोंडी पसरवू नये, दुसऱ्याच्या घरात अनुमतीविना शिरू नये, पुरुषांनी व स्त्रियांनी आपली नजर खाली ठेवावी, अविवाहितांचे विवाह लावून द्यावेत. हा क्रम पुढे जात जात ५८ व्या आयतीत आपल्या स्वतःच्या घरात आणि घरातील लहान मुलांपर्यंत येऊन पोहोचतो.

या आयतीचा आशय असा आहे : घरातील सेवकांनी आणि वयात न आलेल्या मुलांनीही तीन वेळी तुमच्या खोलीत येण्यापूर्वी अनुमती घ्यावी. फज्रच्या नमाजपूर्वी, दुपारी विश्रांतीसाठी वस्त्रे उतरविता तेव्हा आणि इशाच्या नमाजनंतर. या तीन वेळा तुमच्या खासगीपणाच्या आहेत. इतर वेळी मुलांनी घरात मोकळेपणे वावरण्यास हरकत नाही. पुढच्या आयतीत सांगितले आहे की मुले वयात आली म्हणजे मोठ्यांप्रमाणे त्यांनीही प्रत्येक वेळी अनुमती घ्यावी.

अनुमती कशासाठी, याचा खुलासा हदीसमध्ये सापडतो. एका इसमाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या खोलीत फटीतून डोकावून पाहिले. त्यावर प्रेषितांनी त्याला कठोर शब्दांत समज दिली आणि अनुमतीचा नियम दृष्टीसाठीच घालून दिला आहे, हे स्पष्ट केले. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणजे दरवाजा हा केवळ पावलांना अडविण्यासाठी नसतो. जे पाहू नये ते डोळ्यांपर्यंत पोहोचू नये, यासाठीही तो असतो.

आदेश कोणाला दिला आहे?

या आयतीतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. नियम मुलांसाठी आहे, परंतु संबोधन मुलांना नाही. 'हे ईमानधारकांनो' अशी हाक मोठ्यांना दिलेली आहे. मूल वयात येईपर्यंत त्याच्या कर्मांची नोंद करणारी लेखणी उचललेली असते, असे हदीसमध्ये आले आहे. ते जबाबदार नाही, तेव्हा त्याच्या दृष्टीची राखण करण्याची जबाबदारी ज्यांची कर्मे लिहिली जात आहेत त्यांच्यावर, म्हणजे माता-पित्यांवर आणि घरातील वडीलधाऱ्यांवर येते. मुलाला अनुमती घेण्यास शिकवावे लागते आणि त्याआधी दरवाजा आपण लावावा लागतो.

आता आपल्या घराकडे पाहा. घराला दरवाजा आहे, खोलीला कडी आहे, परंतु हातातील मोबाइलला दरवाजा नाही. ज्या तीन वेळी सख्ख्या आई-वडिलांच्या खोलीतसुद्धा मुलाने अनुमतीविना येऊ नये असे अल्लाहने फर्माविले, त्याच वेळी आज मुलांच्या हाती मोबाइल असतो. दुपारी घर विसावलेले असते तेव्हा, रात्री इशानंतर पांघरुणात आणि फज्रपूर्वी जाग आली तर तेव्हाही. त्या पडद्यातून मूल परक्या लोकांच्या खासगी जीवनात डोकावत असते आणि परके लोक त्याच्या मनात शिरत असतात. अनुमती कोणी कोणाला विचारलेली नसते. आपण दाराची कडी लावून निश्चिंत झोपतो आणि भिंतीला पडलेली खिडकी उघडीच राहते.

आक्षेपार्ह म्हणजे केवळ अश्लील नव्हे

आक्षेपार्ह मजकूर म्हटला की आपल्या मनात केवळ नग्नता येते. कुरआनने 'फहशा' म्हणजे निर्लज्जतेचा निषेध केला आहेच. परंतु त्याबरोबर आणखी काही गोष्टींपासून ईमानधारकांना परावृत्त केले आहे. सूरह हुजुरातच्या ११ व्या व १२ व्या आयतींत दुसऱ्यांची टवाळी करणे, नावे ठेवणे, संशय घेणे, पाळत ठेवणे आणि पाठीमागे निंदा करणे यांना मनाई आहे. त्याच सूरहच्या ६ व्या आयतीत बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा आदेश आहे. या आयती समोर ठेवून आपण मुलांच्या करमणुकीची परीक्षा घेतली पाहिजे. ज्या चित्रफितीत एकही नग्न दृश्य नाही, पण वृद्धाला, अपंगाला किंवा गरिबाला फसवून त्याच्या फजितीवर हसविले जाते, ती मुलाला काय शिकविते? ज्या खेळात रक्तपात हीच मौज आहे, तो त्याच्या हृदयाला काय करून सोडतो? वस्त्र अंगावर आहे एवढ्याने मजकूर निर्मळ ठरत नाही.

याचे भीषण फळ आपल्याच भगिनींना भोगावे लागले आहे. १ जानेवारी २०२२ रोजी 'बुल्ली बाई' नावाच्या एका ॲपवर अनेक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे त्यांच्या नकळत टाकून त्यांचा खोटा 'लिलाव' मांडण्यात आला. त्याआधी जुलै २०२१ मध्ये अशाच दुसऱ्या एका ॲपने हाच प्रकार केला होता. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने तपास करून ज्यांना ताब्यात घेतले, त्यांत विशीच्या आसपासचे विद्यार्थी होते. ज्या वयात पुस्तके हाती असावीत, त्या वयात परक्या स्त्रीची अप्रतिष्ठा हा त्यांना खेळ वाटला. असे मन एका रात्रीत तयार होत नाही. रोज थोडे थोडे हसत, थोडे थोडे पाहत ते तयार होते. म्हणून मुलांचे रक्षण करणे याचे दोन अर्थ आहेत. आपले मूल अशा मजकुराचे बळी होऊ नये हा एक, आणि उद्या ते स्वतः असा मजकूर घडविणारे किंवा त्यावर हसणारे होऊ नये हा दुसरा. पहिल्याची चिंता आपण सर्वच करतो. दुसऱ्याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते.

दुसरी नजर

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांनी प्रेषितांना अचानक पडणाऱ्या नजरेविषयी विचारले, तेव्हा प्रेषितांनी नजर वळविण्याचा आदेश दिला. हजरत अली (रजि.) यांनाही त्यांनी समजाविले की पहिल्या नजरेमागून दुसरी नजर टाकू नये, कारण पहिली क्षम्य आहे, दुसरी नाही. या शिकवणीचे शहाणपण आज जितके उघड झाले आहे तितके क्वचितच कधी झाले असेल.

मोबाइलवरील छोट्या चित्रफिती आपोआप एकामागून एक पुढे येतात. कोणती चित्रफीत पाहणारा लगेच सरकवितो आणि कोणत्या चित्रफितीवर किती क्षण थांबतो, याची नोंद यंत्र ठेवीत असते. जिथे तो थांबला, तशाच प्रकारचा मजकूर त्याला पुन्हा दाखविला जातो. म्हणजे पहिली नजर नकळत पडली असेल, परंतु यंत्र मोजते ती दुसरी नजर, आणि तिच्या हिशेबावर उद्या मुलासमोर काय येईल ते ठरते. ज्या घरात एकच मोबाइल अब्बा, अम्मी आणि मुले आळीपाळीने वापरतात, तिथे तर ही गोष्ट अधिक गंभीर आहे. वडीलधाऱ्यांच्या दुसऱ्या नजरेने निवडलेला मजकूर मुलांच्या पहिल्या नजरेसमोर येतो. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा आदेश प्रथम पुरुषांना (आयत ३०) आणि नंतर स्त्रियांना (आयत ३१) दिला आहे. मुलांविषयीची आयत त्यानंतर, ५८ व्या क्रमांकावर येते. घरातील सुधारणेचा क्रमही हाच असला पाहिजे.

पुढे पाठविणारा हातही जबाबदार

बनू मुस्तलिकच्या मोहिमेहून परतताना उम्मुल मोमिनीन हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर दांभिकांनी आळ घेतला. आळ रचणारे थोडे होते, परंतु तो तोंडोतोंडी जाऊन मदीनेत सुमारे महिनाभर फिरत राहिला. काही साधेभोळे ईमानधारकही त्यात ओढले गेले. अल्लाहने आयती अवतरित करून हजरत आयेशा (रजि.) यांचे निर्दोषत्व जाहीर केले आणि त्याबरोबर ऐकणाऱ्यांनाही जाब विचारला : ऐकताक्षणी तुम्ही आपल्या माणसांविषयी चांगला विचार का केला नाही? तुम्ही ही गोष्ट क्षुल्लक समजून जिभेवर घेत होता, पण अल्लाहपाशी ती फार मोठी होती. १९ व्या आयतीत तर, ईमानधारकांत निर्लज्जता पसरावी असे ज्यांना आवडते, त्यांच्यासाठी या जगात व परलोकात दुःखदायक शिक्षा असल्याचे फर्मान आहे. या प्रसंगी उम्मुल मोमिनीन हजरत झैनब बिन्त जहश (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा आपण आपल्या कानांचे व डोळ्यांचे रक्षण करतो, असे सांगून त्यांनी हजरत आयेशांविषयी (रजि.) चांगलेच उद्गार काढले. सवतीविषयी वाईट ऐकण्याची संधी समोर असताना त्यांनी दाखविलेला हा संयम प्रत्येक ग्रुपमधील प्रत्येक सदस्याने समोर ठेवण्याजोगा आहे.

'मी बनविले नाही, केवळ पुढे पाठविले,' हे उत्तर म्हणूनच अल्लाहपाशी चालणार नाही. कानावर आलेले सर्व काही पुढे सांगत सुटणे एवढेही माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, अशा आशयाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. जो वाईट पायंडा पाडतो, त्याच्यावर त्या वाटेने जाणाऱ्यांच्या पापाचाही भार पडतो, हेही प्रेषितांनी सांगितले आहे. आपण पाठविलेली चित्रफीत आपल्या मृत्यूनंतरही फिरत राहिली तर?

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलांच्या रक्षणाच्या नावाने निघालेली अफवा इतर कोणाच्या तरी मुलांना पोरके करून गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीला ही मर्यादा २०१८ साली घालावी लागली. सूरह हुजुरातने शहानिशेची मर्यादा चौदाशे वर्षांपूर्वीच घातली आहे.

धर्माची टवाळी समोर आली तर

कधी इस्लामचा किंवा प्रेषितांचा अवमान करणारा मजकूर मुलांच्या मोबाइलवर येतो. रक्त उसळते आणि 'पाहा, काय चालले आहे' असे म्हणत तीच चित्रफीत शेकडो ठिकाणी पाठविली जाते. अशा वेळी सूरह निसाची १४० वी आयत आठवावी. अल्लाहच्या आयतींची थट्टा चालू असेल तिथे, ते लोक दुसऱ्या बोलण्याकडे वळेपर्यंत बसू नये, असा तिचा आदेश आहे. उठून जाणे हा निषेधच आहे. थांबून पाहणे आणि पुढे पाठविणे म्हणजे मात्र त्या मैफिलीची गर्दी वाढविणे होय, कारण या बाजारात पाहणाऱ्यांची संख्या हेच भांडवल आहे. कायद्याचा मार्ग मोकळा आहे. मजकुराची तक्रार करावी, तो पसरवू नये. त्याचप्रमाणे इतरांच्या आराध्यांना अपशब्द बोलू नका, नाहीतर ते अज्ञानाने अल्लाहला अपशब्द बोलतील, हा सूरह अन्आमच्या १०८ व्या आयतीचा इशारा आपल्या तरुणांना आवर्जून शिकविला पाहिजे. आपल्या श्रद्धेचा आदर मागणाऱ्याने दुसऱ्याच्या श्रद्धेची टवाळी करणारा विनोद आपल्या मोबाइलवर ठेवणे शोभत नाही.

कायदा काय करतो आणि काय करू शकत नाही

आपल्या देशाच्या कायद्यानेही लहानांच्या दृष्टीची काळजी घेतली आहे. चित्रपटांना १९५२ च्या कायद्यानुसार प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग करण्यात आले. २०२१ च्या नियमावलीत ओटीटीवरील कार्यक्रमांसाठी अशीच वयोगटवार वर्गवारी आणि पालकांना लावता येईल असे कुलूप सांगितले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमान्वये अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे हा जसा गुन्हा आहे, तसा तो पाठविणे हाही गुन्हा आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर तर शोधणे व उतरवून घेणे हाही ६७ ब कलमान्वये गुन्हा आहे. अशा मजकुराचा साठा बाळगण्याविषयीही सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कठोर भूमिका घेतली. अत्याचारपीडित बालकाची ओळख माध्यमांनी उघड करू नये, असे पॉक्सो कायद्याचे २३ वे कलम सांगते. आपल्या ग्रुपमध्ये 'न्याय मिळावा' म्हणून अशा बालकाचे छायाचित्र फिरविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परंतु कायद्याचा पहारा चित्रपटगृहाच्या दारापर्यंत असतो. मुलाच्या पांघरुणात शिरणाऱ्या प्रत्येक चित्रफितीला कोणी प्रमाणपत्र देत नाही. यूट्यूब, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांनी वयाची किमान मर्यादा १३ वर्षे ठेवली आहे, पण जन्मतारीख खोटी लिहून ती ओलांडणे मुलांना सहज जमते. कित्येकदा ती खोटी तारीख पालकच लिहून देतात. तेव्हा पहिल्याच दिवशी आपण मुलाला असत्याचा धडा देतो आणि नंतर त्याच्याकडून सत्याची अपेक्षा करतो.

रागावणे की जवळ घेणे?

मुलाने काही गैर पाहिले हे कळताच बहुतेक घरांत आरडाओरड, मारहाण किंवा मोबाइल हिसकावणे होते. प्रेषितांची रीत पाहा. हज्जतुल विदाअच्या प्रसंगी तरुण चुलतभाऊ हजरत फज्ल बिन अब्बास (रजि.) त्यांच्यामागे वाहनावर बसले होते. खस्अम कबिल्याची एक स्त्री प्रश्न विचारण्यास आली आणि फज्ल (रजि.) तिच्याकडे पाहू लागले. प्रेषितांनी आपल्या हाताने त्यांचे तोंड दुसरीकडे वळविले. चारचौघांत त्यांना लज्जित केले नाही आणि पाहू दिलेही नाही.

दुसरा प्रसंग मुस्नद अहमदमध्ये हजरत अबू उमामा (रजि.) यांनी सांगितला आहे. एका तरुणाने येऊन चक्क व्यभिचाराची अनुमती मागितली. लोक त्याला दटावू लागले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावले, बसविले आणि विचारले, हे तुझ्या आईच्या बाबतीत तुला आवडेल काय? मुलीच्या? बहिणीच्या? फुफीच्या? खालाच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. लोकांनाही आपल्या आप्तस्त्रियांसाठी हे आवडत नाही, हे प्रेषितांनी त्याला समजाविले आणि मग त्याच्यावर हात ठेवून त्याच्या क्षमेसाठी, हृदयाच्या शुद्धीसाठी व चारित्र्याच्या रक्षणासाठी दुआ केली. त्यानंतर तो तरुण अशा गोष्टीकडे वळला नाही. जो तरुण इतकी लज्जास्पद गोष्ट प्रेषितांपाशी बोलू शकला, त्याला तिथे ऐकून घेतले जाईल याची खात्री होती. आपल्या मुलाला आपल्याविषयी ही खात्री आहे काय? हया म्हणजे लज्जा ईमानचा भाग आहे, परंतु भीतीने गप्प राहणे म्हणजे हया नव्हे. ज्या मुलाला पडद्यावर दिसलेले आईला सांगता येत नाही, त्याला धमकावणारा माणूस ही चुप्पी आपल्या कामी आणतो.

घरात काय करावे

१. इशानंतर सर्वांचे मोबाइल बैठकीच्या खोलीत एका जागी ठेवावेत, अब्बा-अम्मींचेही. जो नियम मोठे पाळीत नाहीत, तो मुले पाळीत नाहीत.

२. लहान मुलांना मोबाइल द्यावा लागलाच तर तो सर्वांच्या नजरेसमोर, ठरावीक वेळेपुरता द्यावा. आपोआप पुढची चित्रफीत सुरू होण्याची सोय बंद करावी, पालकांचे कुलूप लावावे आणि ग्रुपमधील चित्रफिती आपोआप उतरविल्या जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी.

३. मोबाइल काढून घेतल्यावर तिथे पोकळी राहू देऊ नये. खेळ, वाचन, दादी-नानीच्या गोष्टी, प्रेषितांचे चरित्र आणि आई-वडिलांचा वेळ यांनी ती भरावी.

४. मुलाने काही गैर पाहिल्याचे सांगितले, तर प्रथम सांगितल्याबद्दल त्याला शाबासकी द्यावी. मग शांतपणे विचारावे आणि समजवावे.

५. कोणी मुलाला धमकावीत असेल तर घाबरून संदेश पुसू नयेत. १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी. मात्र बालकांचा अश्लील मजकूर पुरावा म्हणूनसुद्धा इतर कोणाला पाठवू नये.

६. मशिदीच्या व मक्तबच्या जबाबदार व्यक्तींनी जुम्याच्या खुत्ब्यात आणि पालकांच्या बैठकीत हा विषय सभ्य भाषेत, स्पष्टपणे मांडावा. जे तरुण पत्रकारितेत किंवा चित्रफिती बनविण्याच्या कामात आहेत, त्यांनी प्रत्येक वेळी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हे मी माझ्या धाकट्या बहिणीसमोर दाखवू शकेन काय?

तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीतील माणसांविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी बजावले आहे. सूरह तहरीमच्या ६ व्या आयतीत स्वतःला आणि आपल्या कुटुंबीयांना आगीपासून वाचविण्याचा आदेश आहे, आणि त्यात 'स्वतःला' हा शब्द आधी आला आहे. मुलाच्या हातातील पडदा बंद करण्यापूर्वी आपल्या हातातील पडद्याकडे पाहावे, हाच त्याचा आजचा अर्थ आहे. अल्लाह आपली आणि आपल्या संततीची नजर, कान व हृदय निर्मळ ठेवो, आपली मुले आपल्या डोळ्यांना थंडावा देणारी ठरोत, आणि ज्यांची राखण आपल्यावर सोपविली आहे त्यांच्याविषयी उत्तर देताना आपल्याला खाली पाहावे न लागो. आमीन.